कावळा बसला आणि फांदी तुटली: चंचल मुलं, टिक्स आणि गोळीवरचा आळ

मुलगा सारखे डोळे मिचकावायला लागला की घरात आधी टीव्हीवर खापर फुटतं, मग मोबाइलवर. आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते, शेजारच्या काकू जंतांचं औषध सुचवतात. डोळ्यांचे डॉक्टर तपासतात, नजर उत्तम आहे म्हणतात आणि ॲलर्जी असेल म्हणून थेंब देतात. दोन महिन्यांनी मिचकावणं आपोआप थांबतं आणि यश थेंबांच्या पदरात पडतं. मग दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घसा खाकरायला लागतो. खोकल्याची बाटली संपते, कान-नाक-घशाचे डॉक्टर होतात, छातीचा एक्स-रे होतो. कधीतरी एखादे बालमेंदूतज्ज्ञ 'टिक' हा शब्द उच्चारतात आणि मागच्या दोन वर्षांतले सुटे मणी एका दोऱ्यात येतात: डोळे, घसा, मधेच उडणारा खांदा, मानेचा झटका.

ही झाली साधी गोष्ट. पण मुलगा त्याआधीच एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि पायाला भिंगरी लागलेली आहे म्हणून, गोळी घेत असेल तर टीव्ही, जंत, दृष्ट सगळे निर्दोष सुटतात. आरोपी एकच उरतो: गोळी. ती सुरू केली आणि हे सुरू झालं. गोळी बंद होते. वर्गात पुन्हा बाकावरून उठणं, अर्धवट वह्या, बाईंच्या चिठ्ठ्या चालू होतात. आणि टिक मात्र पुष्कळदा जिथली तिथेच राहते.

हा आळ फक्त घरच्यांनी घेतला असं नाही. वैद्यकशास्त्रानं तो कित्येक वर्षं घेतला आणि औषधाच्या माहितीपत्रकावर छापलाही. तो आला कुठून आणि तपासात त्यातलं किती टिकलं, हे पाहण्यासारखं आहे. कारण भारतात आजही कितीतरी पालकांना आणि काही डॉक्टरांनाही या खटल्याचा निकाल पोचलेला नाही.

टिक म्हणजे अचानक, क्षणभरात होणारी, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. मूल ती मुद्दाम करत नाही, पण थोडा वेळ दाबून मात्र धरू शकतं, आणि इथेच मोठी माणसं फसतात. 'पाहुण्यांसमोर बरं करत नाहीस, म्हणजे येतं की तुला थांबवता!' येतं, शिंक दाबता येते तेवढंच. मोठी मुलं सांगतात की टिक येण्याआधी त्या जागी खाज सुटल्यासारखं, काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि ती हालचाल केली की क्षणभर मोकळं वाटतं. शाळेत सहा तास दाबून धरलेलं घरी दप्तर टाकल्याबरोबर उसळतं. म्हणून बाई म्हणतात वर्गात काहीच नाही आणि आई म्हणते संध्याकाळभर थांबत नाही. दोघी खरं बोलत असतात.

शाळकरी मुलांत थोड्या काळापुरत्या टिक्स अगदी सर्रास दिसतात आणि विरून जातात. हालचालींच्या अनेक टिक्स आणि निदान एक आवाजाची टिक वर्षाहून अधिक काळ राहिली, सुरुवात अठरा वर्षांच्या आत झाली, की त्याला तुरेत सिंड्रोम म्हणतात. हे नाव जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरचं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करणाऱ्या या डॉक्टरनं 1885 मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. लोकांच्या मनात तुरेत म्हणजे तोंडातून आपोआप शिव्या बाहेर पडणं. प्रत्यक्षात ते थोड्याच रुग्णांत असतं. बहुतेकांची गोष्ट डोळे, मान, खांदे आणि घसा एवढ्यातच फिरते.

यातला महत्त्वाचा मुद्दा वेळापत्रकाचा आहे. टिक्स साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, दहा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक होतात आणि पौगंडावस्थेच्या अखेरीस बहुतेकांच्या पुष्कळ ओसरतात. एडीएचडीची लक्षणं मात्र त्याआधीच, बहुधा दोन-तीन वर्षं आधी, घरच्यांच्या डोळ्यांत भरलेली असतात. तुरेत असलेल्या मुलांपैकी निम्म्यांहून अधिक मुलांना एडीएचडीही असतो. आता हे घरात आणून बघा. चार वर्षांचा मुलगा घर डोक्यावर घेतो. पहिलीत गेला की शाळेची तक्रार येते. सहा-सात वर्षांचा असताना गोळी सुरू होते, म्हणजे नेमकी त्या वयात जेव्हा टिक गोळीविनाही उगवणारच होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते.

गोळीची गोष्ट टिकच्या गोष्टीपासून फार लांब सुरू झाली. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांसाठी एक निवासी रुग्णालय होतं. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी 1937 मध्ये 30 मुलांना बेंझेड्रीन, म्हणजे अँफेटामीन, देऊन पाहिलं. त्या काळी मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरत आणि त्यानं मुलांची डोकी भयंकर दुखत. उपाय त्या डोकेदुखीवर शोधला जात होता. डोकेदुखीवर विशेष परिणाम झाला नाही, पण जवळपास निम्मी मुलं अभ्यासाला अशी बसायला लागली की शिक्षक चकित झाले. मुलांनी त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव ठेवलं. पुढे 1944 मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन या रसायनतज्ज्ञानं मेथिलफेनिडेट तयार केलं आणि पत्नीच्या, म्हणजे मार्गरीट ऊर्फ रिटाच्या, नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. ती बाई टेनिस खेळण्याआधी ही गोळी घ्यायची असं सांगतात. आज एडीएचडीसाठी जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं औषध हेच आहे.

टिक्सच्या बाजूला पुढे दुसरी खिडकी उघडली. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत 1958 मध्ये हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचं औषध तयार झालं. 1961 मध्ये फ्रान्समध्ये सेन्यो या डॉक्टरांनी ते तुरेतच्या एका रुग्णाला दिलं आणि टिक्स कमी झाल्या. अमेरिकेत आर्थर आणि इलेन शापिरो या दांपत्यानं त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तोवर टिक्स हा मनातल्या दडपलेल्या रागाचा आविष्कार आहे असं सांगणाऱ्या मनोविश्लेषकांची चलती होती. आता गोळीनं टिक कमी होते म्हटल्यावर प्रश्न मनातून उठून मेंदूत गेला.

आणि मेंदूत गेल्यावर एक सोपं, फारच सोपं समीकरण मांडलं गेलं. हॅलोपेरिडॉल डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतं आणि टिक्स घटवतं. मेथिलफेनिडेट आणि अँफेटामीन डोपामीन वाढवतात. म्हणजे ते टिक्स वाढवणारच. फळ्यावर हे गणित निर्दोष दिसतं.

त्याला पुरावाही मिळायला लागला. 1974 मध्ये मेथिलफेनिडेट दिल्यानंतर तुरेत दिसू लागल्याची नोंद प्रसिद्ध झाली. 1982 मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पंधरा मुलांची हकिकत मांडली: उत्तेजक औषधं, म्हणजे मेथिलफेनिडेट-अँफेटामीनसारख्या गोळ्या, चालू असताना त्यांच्यात तुरेत प्रकटला होता. निष्कर्ष कडक होता. ज्या मुलाला टिक्स आहेत त्याला ही औषधं देऊ नयेत आणि ज्याच्या घराण्यात टिक्स आहेत त्याला फार जपून द्यावीत. लेखक नाणावलेले, नियतकालिक वजनदार. अमेरिकेत मेथिलफेनिडेटच्या माहितीपत्रकावर टिक्स, तुरेत किंवा घराण्यात तुरेतचा इतिहास असल्यास 'देऊ नये' अशी ओळ आली आणि कित्येक वर्षं तशीच राहिली.

त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण तो न्याय होणार नाही. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. अडचण अशी की त्यांच्यासमोर फक्त गोळी घेतलेली मुलं होती. गोळी न घेतलेल्या तशाच मुलांचं त्याच वयात काय होतं, हे बघायला कुणी बसलेलं नव्हतं.

ते बघण्याची एक संधी निसर्गानं आयती दिली होती: एकसारखी जुळी. 1986 मध्ये येलच्याच संशोधकांनी तुरेतच्या जुळ्यांची माहिती तपासली. त्यात सहा जोड्या अशा निघाल्या की एका भावंडाला उत्तेजक औषध मिळालं होतं आणि दुसऱ्याला नाही. सहाही जोड्यांत गोळी न घेतलेल्या भावंडालाही टिक्स होत्या. सहा हा आकडा लहान आहे, पण ज्या आरोपावर एवढी मोठी इमारत उभी होती तिच्या पायाला इथे पहिली चीर पडली.

पुढच्या वीस वर्षांत हे काम नीट झालं. न्यूयॉर्क राज्यात केनेथ गॅडो आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी आणि टिक्स दोन्ही असलेल्या 34 मुलांना मेथिलफेनिडेटचे वेगवेगळे डोस आणि प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आलटून पालटून दिली. कोणत्या आठवड्यात काय चाललंय हे ना घरच्यांना ठाऊक, ना निरीक्षकांना. नंतर दोन वर्षं या मुलांवर लक्ष ठेवलं. सरासरीनं टिक्स वाढल्या नाहीत. टोरंटोमध्ये लॉ आणि शाखार यांनी 91 मुलांचा वर्षभराचा अभ्यास 1999 मध्ये मांडला. ज्यांना आधी टिक्स नव्हत्या अशा मुलांत मेथिलफेनिडेट घेणाऱ्यांपैकी 19.6 टक्क्यांना लक्षणीय टिक्स आल्या. प्लासिबो घेणाऱ्यांपैकी 16.7 टक्क्यांना. एवढ्या लहान अभ्यासात हा फरक नसल्यातच जमा. ज्यांना आधीपासून टिक्स होत्या त्यांच्यातल्या किती जणांच्या वाढल्या? गोळीवाल्या गटात 33 टक्के. प्लासिबोच्या गटात? 33 टक्के.

हे दोन सारखे आकडे क्षणभर थांबून वाचावेत. पिठाच्या गोळीनं एक तृतीयांश मुलांच्या टिक्स वाढत नसतात. त्या वाढणारच होत्या.

सगळ्यात मोलाचा प्रयोग 2002 चा. रॉजर कुर्लान यांच्या पुढाकारानं अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून एडीएचडी आणि टिक्स असलेली 7 ते 14 वर्षांची 136 मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत विभागली: एकाला मेथिलफेनिडेट, दुसऱ्याला क्लोनिडीन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला प्लासिबो. सोळा आठवडे. टिक्स वाढल्याची तक्रार मेथिलफेनिडेटच्या गटात 20 टक्के मुलांबाबत आली, प्लासिबोच्या गटात 22 टक्के, आणि क्लोनिडीनच्या गटात 26 टक्के. गंमत अशी की क्लोनिडीन हे टिक्स कमी करण्यासाठी दिलं जाणारं औषध आहे! म्हणजे पाच मुलांपैकी एकाच्या टिक्स या सोळा आठवड्यांत वाढतात, मग तुम्ही काहीही द्या. आणि गटांची सरासरी पाहिली तर तिन्ही औषधी गटांत टिक्सची तीव्रता प्लासिबोपेक्षा कमीच झाली होती. सर्वाधिक फायदा दोन्ही औषधं मिळून घेणाऱ्यांना झाला, लक्ष टिकण्यातही आणि टिक्समध्येही.

या प्रयोगात तीव्रता मोजली कशी, हे जवळून बघण्यासारखं आहे, कारण घरी होणारी निम्मी गफलत मोजमापाची असते. येलमध्ये 1989 साली तयार झालेली एक श्रेणी जगभर वापरली जाते. त्यात हालचालींच्या टिक्स आणि आवाजाच्या टिक्स वेगळ्या मांडतात. प्रत्येकीसाठी पाच प्रश्न: किती प्रकारच्या, किती वेळा, किती जोरकस, किती गुंतागुंतीच्या आणि हातातल्या कामात किती अडथळा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, म्हणजे हालचालींचे जास्तीत जास्त 25, आवाजाचे 25. शिवाय मुलाच्या एकूण जगण्यावर किती परिणाम झाला याचे आणखी 50. आणि हे सगळं फक्त दवाखान्यातल्या दहा मिनिटांवरून नाही, तर मागच्या आठवड्याचं. घरात मात्र 'आज जास्त वाटतंय' एवढीच श्रेणी असते, आणि ज्या दिवशी नवी गोळी सुरू होते त्या दिवसापासून आई-बाबांचे डोळे मुलाच्या चेहऱ्यावर खिळलेले असतात. बघणारा वाढला की दिसणारंही वाढतं.

यानंतर आकडे एकत्र करण्याचं काम उरलं होतं. येलच्या मायकेल ब्लॉक यांच्या गटानं 2015 मध्ये एडीएचडीच्या मुलांवरचे 22 प्रयोग, 2385 मुलं, एकत्र मांडली. नव्यानं टिक आली किंवा असलेली वाढली असं उत्तेजक औषधांच्या गटात 5.7 टक्क्यांना झालं, प्लासिबोच्या गटात 6.5 टक्क्यांना. 2018 मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात दोन्ही विकार असलेल्या 510 मुलांवरचे आठ प्रयोग घेतले होते. त्यांनी पुराव्याचा दर्जा फार वरचा मानला नाही, पण दिशा तीच दिसली: मेथिलफेनिडेट, क्लोनिडीन, ग्वानफासीन, अ‍ॅटोमोक्सेटीन यांनी एडीएचडीची लक्षणं घटतात आणि टिक्स सर्वसाधारणपणे बिघडत नाहीत. अमेरिकेतल्या अलीकडच्या सुधारित माहितीपत्रकांत 'देऊ नये' ही ओळ जाऊन 'आधी टिक्सची चौकशी करा, नंतर लक्ष ठेवा' असा इशारा आला आहे. विज्ञानाचा निकाल लागून छापील कागद बदलायला फार वर्षं गेली. या काळात किती मुलांना टिकच्या धाकानं एडीएचडीचा उपचार मिळाला नाही, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मग आळ सपशेल खोटा का? नाही. अँफेटामीन गटाबद्दलचा इशारा अजून उभा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कास्तेयानोस यांनी 1997 मध्ये तुरेत असलेल्या मुलग्यांना चढत्या डोसात औषधं दिली. डेक्स्ट्रोअँफेटामीनच्या मोठ्या डोसांत टिक्स वाढल्या आणि त्या वाढीव राहिल्या. मेथिलफेनिडेटनं वाढल्या तिथे त्या बहुधा काही आठवड्यांत खाली आल्या. अर्थात ते डोस नेहमीच्या डोसांपेक्षा बरेच मोठे होते. भारतातल्या पालकांसाठी हा मुद्दा थोडा दूरचा आहे, कारण इथे या मुलांना मुख्यतः मेथिलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमोक्सेटीन मिळतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र लक्षात ठेवावा. तिथे अँफेटामीन गटातली औषधं सर्रास लिहून दिली जातात.

दुसरं असं की सरासरी म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. शंभर मुलांची सरासरी हलत नसली तरी त्यातल्या एखाद्याच्या टिक्स गोळीनं खरंच वाढत असतील. हे ओळखायची रीत कठीण नाही. साधं मेथिलफेनिडेट साधारण चार तासांत उतरतं, लांबवलेलं आठ ते बारा तासांत. डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही दिवस थांबवावं, टिक्स नोंदवाव्यात, पुन्हा सुरू करावं, पुन्हा नोंदवाव्यात. दोन्ही वेळा सुरू केल्यावर वाढल्या आणि थांबवल्यावर कमी झाल्या तर संशयाला जागा आहे. एकदाच झालं तर तो कावळाही असू शकतो. शिवाय या गोळ्यांनी काही मुलं ओठ चाटत राहतात, नखांभोवतीची साल सोलत बसतात. ते चाळे असतात, टिक्स नव्हेत, आणि डोस बदलला की बहुधा जातात.

फळ्यावरचं ते निर्दोष गणित चुकलं कुठे, याचं नेमकं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. एक अंदाज पटण्यासारखा आहे. टिक दाबून धरायला मेंदूच्या पुढच्या भागाची ताकद लागते, आणि एडीएचडीत तीच तोकडी असते. गोळीनं ती वाढली तर मूल टिक्स आवरायला अधिक समर्थ होतं. दिवसभराची बोलणी कमी झाली, ताण कमी झाला, तरी टिक्स खाली येतात. परीक्षा, जागरण, ताप, गणपतीतली धमाल यांनी त्या वर जातात. आनंदानंही वाढतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता बाकीच्या औषधांकडे. क्लोनिडीन हे मुळात रक्तदाबाचं औषध. भारतात मेडिकलवाले ते आर्कामिन या नावानं ओळखतात. त्याचा जन्म मजेशीर आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत चोंदलेलं नाक मोकळं करायला थेंब म्हणून ते तयार झालं. सर्दी झालेल्या एका सेक्रेटरीबाईंना देऊन पाहिलं, तर बाई दिवसभर झोपल्या आणि रक्तदाब खाली गेला. ही झोप मुलांतही येते: 2002 च्या प्रयोगात क्लोनिडीन घेणाऱ्या मुलांत मध्यम किंवा जास्त गुंगी 28 टक्क्यांना आली. डोनाल्ड कोहेन यांनी 1979 पासून ते तुरेतमध्ये वापरायला सुरुवात केली. त्याचा टिक्सवरचा फायदा सोबत एडीएचडी असलेल्या मुलांत स्पष्ट दिसतो. नुसत्या टिक्स असलेल्या मुलांत फारच थोडा. त्याचंच भावंड ग्वानफासीन. 2001 मध्ये 34 मुलांच्या प्रयोगात त्यानं टिक्स 31 टक्क्यांनी घटवल्या, प्लासिबोनं शून्य टक्क्यांनी. पण 2017 मध्ये त्याच्याच लांबवलेल्या रूपानं, तेवढ्याच मुलांत, काही फरक दाखवला नाही. अ‍ॅटोमोक्सेटीनची बाजू साधी आहे: 2005 च्या 148 मुलांच्या प्रयोगात टिक्स बिघडल्या नाहीत, परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागतात.

क्लोनिडीनबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी. ते अचानक बंद करायचं नसतं. गावी गेलो आणि गोळ्या घरी विसरलो, असं झालं तर रक्तदाब उसळी मारू शकतो. बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, पायरी-पायरीनं.

खास टिक्ससाठी अमेरिकेत मान्यता मिळालेली औषधं तीनच: हॅलोपेरिडॉल, पिमोझाइड आणि 2014 पासून ॲरिपिप्राझोल. भारतात रिस्पेरिडोनही बरंच वापरलं जातं. ही औषधं टिक्सवर इतरांपेक्षा जोरकस आहेत यात शंका नाही. पण किंमत मुलगा मोजतो: वजन वाढतं, अंग जड होतं, गुंगी येते, क्वचित स्नायू आखडतात. हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या काही मुलांना शाळेचीच भीती बसल्याच्या नोंदी 1981 पासून आहेत. ज्याचं आधीच वर्गात लक्ष नाही त्याला गुंगी देऊन टिक कमी करणं हा सौदा बहुतेकदा घाट्याचा. टिकनं मान दुखते, इजा होते, जेवण-झोप बिघडते, अशा वेळीच तो परवडतो. वजन न वाढवता टिक्स घटवणारं औषध शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. डोपामीनचं वेगळं दार, डी1, अडवणाऱ्या एकोपिपामचे 2023 मध्ये छापून आलेले निष्कर्ष आशादायक होते.

औषधाशिवायही एक रस्ता आहे, आणि अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनं 2019 च्या मार्गदर्शनात त्यालाच पहिली पसंती दिली. मुलाला आधी टिकची चाहूल ओळखायला शिकवतात. मग ती आली की तिच्या आड येणारी, कुणाच्या लक्षातही न येणारी कृती करायची. मानेला झटका बसत असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके आवळून मिनिटभर धरायचे. घसा खाकरायची ऊर्मी आली तर तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास. 2010 मध्ये 126 मुलांवर हा प्रयोग झाला: दहा आठवड्यांत आठ बैठका. लक्षणीय सुधारणा 52.5 टक्के मुलांत; नुसतं समजावून धीर देण्याच्या गटात 18.5 टक्के. अडचण एकच, हे शिकवू शकणारे लोक महाराष्ट्रात मोठ्या शहरांबाहेर सापडणं कठीण. आणि ज्याचं लक्ष पाच मिनिटं टिकत नाही त्याला चाहूल ओळखायला शिकवायचं, तर आधी एडीएचडी आटोक्यात आणावा लागतो. म्हणजे ज्या गोळीवर टिक वाढवल्याचा आळ होता, तीच टिकच्या उपचाराची पहिली पायरी ठरू शकते.

शाळेचं काय? 'हिचकी' हा राणी मुखर्जीचा चित्रपट 2018 मध्ये आला, तेव्हा मुंबईच्या शाळेत तुरेत असलेली शिक्षिका कशी उभी राहते हे अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर तुरेत हा शब्द निदान ऐकलेला तरी असतो. पण वर्गात 'तो आवाज बंद कर' हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं, आणि त्यानं टिक वाढते. बाईंनी न बघितल्यासारखं करणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

दोन्ही विकार असतील तर आधी कशाकडे बघायचं? पालकांना टिक खुपते, कारण ती दिसते. नातेवाईक विचारतात, लग्नाकार्यात लोक वळून बघतात. पण मुलाला विचारलं, त्याची वही उघडली, तर बहुतेकदा नुकसान एडीएचडीनं केलेलं असतं: अर्धे पेपर, तुटलेली मैत्री, रोजची बोलणी. डोळे मिचकावणाऱ्या मुलाला त्याचं काहीच वाटत नसेल तर टिकला उपचाराची गरजच नसते. ज्यानं त्रास होतो त्यावर उपचार, हा जाणत्या डॉक्टरांचा क्रम आहे. तो बरोबर आहे.

मेथिलफेनिडेट भारतात अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, आणि चिठ्ठी असली तरी प्रत्येक मेडिकलमध्ये ते असतंच असं नाही. ते मिळवण्यासाठी एवढी पायपीट करावी लागत असेल, तर ते सोडण्याआधीही थोडी तसदी घेतलेली बरी.

म्हणून गोळी सुरू होणार असेल, तर सुरू होण्याआधीचे तीन-चार आठवडे एक वही घाला. रोज ठरलेल्या वेळी, समजा रात्री जेवणानंतर, दहा मिनिटं टिक्स मोजून लिहा. त्या दिवशी ताप, जागरण, परीक्षा, पाहुणे काही होतं का तेही लिहा. आठवड्यातून एकदा मुलाच्या संमतीनं मोबाइलवर छोटं चित्रीकरण करा. गोळी सुरू झाल्यावर तेच पुढे चालू ठेवा, निदान तीन महिने. गोळी बंद करायची असं वाटेल त्या दिवशी ती बंद करू नका. वही आणि मोबाइल घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.